टेपनं मोजलेली आफ्रिका

काल समोरच्या घरातली सून आली होती. तिला आणि तिच्या नवऱ्याला आफ्रिकेत सफारीला जायचंय. मला म्हणाली, "काकू, सगळं आपलं आपण ठरवून जावं, की एखाद्या प्लॅनरकडे सोपवावं? तुम्ही काय केलं होतंत?" आमच्या गल्लीत आफ्रिका बघून आलेली मी एकटीच, त्यामुळे हा मान माझ्याकडे येतो. एरवी काकू जिवंत आहे की गेली याची कुणाला फिकीर नसते, पण सिंहाचं नाव निघालं की सगळ्यांना काकू आठवते. मी म्हटलं, "बस, चहा टाकते. एका वाक्यात सांगण्यासारखं नाही ते." पण तिला एका वाक्यातच हवं होतं. अर्धा चहा तसाच ठेवून ती गेली. आता तोंडाशी आलेलं मी परत गिळू कशी? म्हणून तुम्हाला सांगते.

आमचे हे शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे आणि चारचौघांत मीही मास्तरच म्हणायची. अंगानं बुटके, गळ्यात कायम टेप, कानावर पेन्सिल. जन्मभर पायमशीन चालवून उजवा गुडघा ताठ झालेला, पण कुणी हात पुढे केला की डोळे वटारायचे. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, जरा सैल करा," तर म्हणायचे, "सैल काय करायचंय? पोट आत घ्या." आणि गिऱ्हाईक पोट आत घ्यायचं, खरंच सांगते!

खाली दुकान आणि वर आमच्या दोन खोल्या. वर जायचा जिना दुकानाच्या आत, कटिंगच्या टेबलामागून. घराला दुसरं दारच नव्हतं. पाहुणा असो की दूधवाला, गिऱ्हाइकांमधून वाट काढत, लटकवलेले कोट बाजूला सारत त्याला वर यावं लागे. माहेराहून येताना हातात दोन पिशव्या घेऊन मी दारात उभी असायची, आणि हे कुणाच्या तरी कमरेभोवती टेप धरून म्हणायचे, "थांब गं, एवढी कंबर होऊ दे." मला तेव्हा असा राग यायचा! आता वाटतं, कुणीतरी तसं थांबवावं.

त्या काळात सफारी सूटची फार चलती होती. चार खिसे, कमरेला पट्टा, खांद्यावर टिचभर पट्ट्या. यांचा त्यात हातखंडा. एक गिऱ्हाईक यांनी शिवलेली सफारी घालून खरोखरच आफ्रिकेत जाऊन आलं आणि यांना फोटो देऊन गेलं. जीपला टेकून उभा असलेला तो गृहस्थ, आणि मागे झाडांच्या वर काढलेली जिराफाची मान. यांनी तो फोटो ट्रायल रूममध्ये आरशाशेजारी लावला. गिऱ्हाईक आरशात बघायचं आणि हे फोटोत बघायचे. मला म्हणायचे, "अगं, माझा टाका तिथं जाऊन आला, आणि मी इथंच." मी म्हणायची, "जाऊ हो कधीतरी." संसारात 'कधीतरी' हा शब्द फार उपयोगी पडतो.

आम्हाला एकच लेक. अंगानं काडी आणि बोलणं टोचणारं, म्हणून हे तिला टाचणी म्हणायचे. कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांमध्ये खेळतच ती मोठी झाली. काज असं करायची की जुने कारागीर उलटसुलट करून बघत. दुकान तिनं चालवायचं हे यांनी मनात पक्कं धरलं होतं, फक्त तिला विचारायचं राहून गेलं होतं. मग रस्त्याच्या टोकाला तयार कपड्यांची मोठाली दुकानं आली. आमच्याकडे गिऱ्हाईक यायचं ते पॅन्टची लांबी कमी करायला, नाहीतर चेन बदलून घ्यायला. आणि एका दुपारी टाचणीनं सांगितलं, "बाबा, मला नोकरी लागली. प्रवासाच्या ऑफिसात. लोकांच्या सहली आखून द्यायच्या."

दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर हे म्हणाले, "म्हणजे दलाली. हॉटेलवाल्याकडून घ्यायचं आणि लोकांच्या गळ्यात मारायचं. कारागिराच्या पोटी दलाल जन्माला आला!" ती काय कमी? बापाचीच लेक. म्हणाली, "कारागिरी तुमची, पण येतं कोण? चेन बदलायला येतात लोक." हे कात्री टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाले, "या दुकानात पुन्हा पाय ठेवू नकोस."

दुकानात पाय नाही म्हणजे घरात पाय नाही. जिना आतूनच ना! रागाच्या भरात हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मी स्वतःला समजवत राहिले. पण दिवस गेले, महिने गेले, वर्षं गेली, आणि शब्द मागे घ्यायला दोघांपैकी कुणी तयार नाही. लेक त्याच शहरात खोली घेऊन राहायची, आणि तिला भेटायला मी तिच्या ऑफिससमोरच्या बागेतल्या बाकावर जाऊन बसायची. आईनं लेकीला बागेतल्या बाकावर भेटायचं, हे काय जिणं झालं? मला आफ्रिका नको होती, सिंह नको होता. माझी पोर एकदा त्या जिन्यानं वर यावी, एवढंच हवं होतं.

अशात एक दिवस हे म्हणाले, "चल, आफ्रिकेला जाऊ. हात चालतायत तोवर जाऊ." मला आनंद झाला, आणि आनंदाच्या भरात मी नको ते बोलून गेले, "मग टाचणीला विचारू या का? तिचं कामच आहे ते."

झालं! "दुसऱ्यानं बेतलेला कपडा मी जन्मात अंगात घातला नाही," हे म्हणाले. "दुसऱ्यानं बेतलेला प्रवासही करणार नाही. ते म्हणजे रेडिमेड. सगळ्यांना एकच माप. मी माझी आफ्रिका स्वतः बेतणार."

आणि बेतली की! कटिंगच्या टेबलावर मोठा नकाशा पसरला, कोपऱ्यांवर इस्त्री आणि कात्र्या ठेवल्या, आणि टेपनं आफ्रिका मोजायला घेतली. कापडावरच्या खडूनं खुणा. शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर बसून कॅम्पवाल्यांना पत्रं. कुठल्या महिन्यात जनावरांचे कळप कुठे असतात, कुठल्या फाटकातून संध्याकाळनंतर आत सोडत नाहीत, कुठली लस टोचून घ्यायला हवी, सगळं वाचून काढलं. खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडावर असा उजेड मी पाहिला नव्हता. शर्टाची कॉलर उलटवायला आलेल्या माणसाला हे हत्तींच्या वाटा समजावून सांगत बसायचे. तो बिचारा कॉलर विसरून ऐकायचा.

आमच्या धंद्यात ट्रायलशिवाय कपडा पक्का करत नाहीत. कच्चा टाका घालायचा, अंगावर चढवून बघायचा, मग पक्की शिवण. तेव्हा सफारीचीही ट्रायल ठरली! रविवारी दुकान बंद ठेवून यांनी खुर्च्या जीपसारख्या दोन-दोन मांडल्या, स्वतः मशीनच्या स्टुलावर पुढे बसले, मला मागे बसवलं आणि म्हणाले, "आता जेवायच्या वेळेपर्यंत उठायचं नाही. तिथं मधे उतरू देत नाहीत. समोर जनावर आहे असं समज."

"समोर तुमची पाठ आहे," मी म्हटलं.

"बोलायचं नाही. जनावर पळतं."

जरा वेळ मी बसले. मग पाठ भरून आली. मग दुसरीच अडचण आली, जी माझ्या वयाच्या बाईला येतेच. मी उठले. हे ओरडले, "अगं, सिंह आहे बाहेर!" मी म्हटलं, "असू दे सिंह, मी चालले," आणि जिना चढून वर गेले. आम्ही दोघंही हसलो खरं, पण ट्रायलमध्ये खोट निघाली म्हणून यांनी कपडा काही उसवला नाही. म्हणाले, "मनावर ताबा ठेवायला शीक." मनाचा काय संबंध होता हो त्यात?

आणि मग ती चूक उघडी पडली. नकाशावर दोन मोठी अभयारण्यं एकमेकांना चिकटून होती, एक या देशात, दुसरं त्या देशात. यांनी शिंप्याच्या डोक्यानं विचार केला की दोन तुकडे कडेला कड लावून ठेवलेत, मधून शिवण मारली की झालं. सकाळी इथून निघायचं, दुपारी तिथं जेवायचं. दोन्हीकडचे कॅम्प राहायला ठरवून ठेवले. शेवटी पलीकडच्या कॅम्पवाल्यानंच कळवलं की तिथून येणार कसे? त्या सीमेवरून जनावरं हजारोंनी इकडची तिकडे जातात, पण माणसांसाठी तिथं फाटकच नाही. माणसानं मागे फिरून, मोठा वळसा घालून, भलत्याच रस्त्यानं यायचं. म्हणजे पुढचे सगळे दिवस कोलमडले. एक टाका सुटला की शेवटपर्यंत उसवत जातं, तसं.

यांनी नकाशाची घडी केली, खडू डबीत ठेवला आणि एका पॅन्टची चेन बदलायला बसले. पाठमोरे बसलेले हे मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हातारे दिसले.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाते म्हणून मी नकाशा पिशवीत घातला आणि बाकावर जाऊन बसले. टाचणी आली. मी सगळं सांगितलं.

"माझ्याकडे कशाला आलीस?" ती म्हणाली. "मी दलाल ना?"

"हो, दलाल आहेस," मला पण ताव चढला, "आणि तुझा बाप तिथं चेन बदलत बसलाय. तुम्हा दोघांच्या मानापायी मी मेले तरी कुणाला कळायचं नाही. वरच्या खोलीत."

तिनं नकाशा मांडीवर उघडला. खडूच्या खुणांवरून बोट फिरवत ती आधी हसली, मग सगळा नकाशा पुन्हा पहिल्यापासून बघितला. म्हणाली, "आई, किती मन लावून केलंय गं त्यांनी. आमच्याकडे नवीन आलेल्यांना एवढं जमत नाही. फक्त सगळं स्वतःच्या हौसेच्या मापानं बेतलंय. त्यांचा गुडघा यात नाही, तुझी पाठ यात नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "मी करते. पण माझं नाव काढायचं नाही. आमचे मोठे साहेब फोन करतील. माझं आहे कळलं तर ते पाऊल उचलणार नाहीत."

मी घरी येऊन थाप मारली की झेरॉक्सवाल्यानं एका अनुभवी गृहस्थांचं नाव सुचवलंय. म्हटलं, नुसतं बोलून तर बघा. नाही पटलं तर ठेवा फोन.

मोठ्या साहेबांचा फोन आला तेव्हा हे कात्री हातात घेऊनच बसले होते, भांडायच्या तयारीनं. साहेबांचा आवाज खर्जातला, शांत. त्यांनी हॉटेल विकायला घेतलंच नाही. विचारलं, "सकाळी उठल्यावर तुम्हाला मोकळं व्हायला किती वेळ लागतो? गाडीची पायरी केवढी उंच चालेल? बाईंना सलग किती वेळ बसवतं? तंबू चालेल, की भिंती हव्यात?" आणि मग विचारलं, "तुम्हाला पुष्कळ जनावरं बघायचीत, की एकच जनावर पुष्कळ वेळ?"

यांनी हातातली कात्री खाली ठेवली. म्हणाले, "एकच. पुष्कळ वेळ."

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "हा माणूस माप घ्यायला शिकलेला आहे." माझं पोट आतून असं हसत होतं म्हणून सांगू! पण चेहरा कोरा ठेवला. ताकास तूर लागू दिली नाही.

पुढच्या फोनला साहेब सहज म्हणाले, "आणि कपडे शिवायला घेतले असतील तर गडद निळं कापड नको. काळंही नको. तिथल्या चावऱ्या माश्या नेमक्या त्या रंगावर बसतात. मातकट रंग घ्या." आमच्या टेबलावर तेव्हा दोघांपुरतं गडद निळं कापड कापून पडलेलं होतं. यांचा आवडता रंग. हे त्या कापडाकडे बघत राहिले. मी घाबरले, म्हटलं आता बिनसणार, शिंप्याला कापड शिकवलंय. पण हे नुसतं "बरं" म्हणाले, आणि संध्याकाळी जाऊन मातकट कापड घेऊन आले.

त्यानंतर मात्र यांचं काहीतरी वेगळंच सुरू झालं. साहेबांचा फोन आला की हे कामाचं सोडून भलतंच बोलत बसायचे, आणि तेही मोठ्या आवाजात. "साहेब, आमच्याकडे आता दोनच मशिनी चालतात. तिसरीवर बसणारा हात राहिला नाही." "साहेब, माझं तोंड जरा वाईट आहे. तोंडातून शब्द गेला की उसवता येत नाही, काय करणार?" मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. मी खुणा करायची. फोन ठेवल्यावर तोंडसुख घ्यायची, "अहो, परक्या माणसाला घरातल्या गोष्टी काय सांगता? त्याला तिकिटं काढायचीत, तुमचं पुराण ऐकायचं नाहीये." हे म्हणायचे, "तू तुझं बघ." आणि बाकावर मी टाचणीला विचारलं, "तुझे साहेब कंटाळत नाहीत गं?" तर ती नुसती मान हलवायची, आणि तिचे डोळे लाल असायचे. मला वाटायचं, कामाचा ताण असेल.

शेवटी आम्ही निघालो. मातकट कपडे दोघांनी घातलेले, त्यांना चार खिसे आणि खांद्यावर पट्ट्या. विमानतळावर लोक वळून बघत होते, आणि हे लोकांच्या कॉलरी बघत होते. "बघ, बघ, ही कॉलर बसलेली नाही." आफ्रिकेत उतरेपर्यंत हेच.

तिथला ड्रायव्हर उंचापुरा, हसतमुख. मोडक्यातोडक्या भाषेत आणि हातवाऱ्यांनी आमचं छान जमलं. गाडीशी आलो की तो एक लाकडी ठोकळा पायरीखाली ठेवायचा आणि लगेच पाठ फिरवून काच पुसायला लागायचा. हे आपले आपण, हळूहळू, कुणी बघत नसताना चढायचे. एकदाही त्यानं हात पुढे केला नाही. मी म्हटलं, किती समजूतदार माणूस आहे! फिरणं सकाळचं थोडं आणि संध्याकाळचं थोडं, मधे विसावा. माझी अडचण ओळखूनच की काय, वाटेत नेमक्या जागी थांबायची सोय. ते दुसरं अभयारण्य, सीमेपलीकडचं, कार्यक्रमात नव्हतंच. पण यांनी त्याचं नावही काढलं नाही.

जिराफ दिसला तो सकाळच्या कोवळ्या उन्हात. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, आणि तो स्वतः टोपी डोळ्यांवर ओढून स्वस्थ बसला. इतर गाड्या आल्या, फोटो काढून गेल्या. आम्ही तिथंच. जिराफ या झाडाकडून त्या झाडाकडे जात होता, मान वळवून आमच्याकडे बघत होता, पुन्हा खात होता. माझा हात यांनी धरून ठेवला होता, जो त्यांनी तरुणपणीसुद्धा कधी चारचौघांत धरला नव्हता. मी पण सोडवून घेतला नाही. अजून कधी दुपारी डोळा लागला की तो हात मला जाणवतो.

पण मला सांगायचंय ते जिराफाचं नाही. एका दुपारी रानातून दुसरीकडे जाताना एक बाजाराचं गाव लागलं. ड्रायव्हर म्हणाला, इथं थांबायचं आहे. मला वाटलं, गाडीत इंधन भरायचं असेल. तर त्यानं भाजीबाजार ओलांडून गाडी एका बोळाच्या तोंडाशी उभी केली, ठोकळा ठेवला आणि काच पुसायला लागला.

बोळात लांबलचक ओसरी होती, आणि ओसरीभर शिंपी. एकापुढे एक पायमशिनी मांडलेल्या, सगळ्यांची पावलं खाली-वर होतायत, रंगीबेरंगी कापडांचे ढीग, गळ्यात टेपा. तोच खडखडाट, तोच तेलाचा वास. हे बोळाच्या तोंडाशी खिळल्यासारखे उभे राहिले. एका पांढऱ्या केसांच्या कारागिरानं यांच्या शर्टाकडे पाहिलं, बोटानं जवळ बोलावलं आणि विचारपूस वगैरे न करता कॉलर उलटी करून आतली शिवण बघितली. बघून त्यानं शेजाऱ्याला हाक मारली. मग यांनी त्याच्या मशीनवरचा झगा उचलून उलटा केला. काही वेळानं त्या माणसानं स्वतःचं स्टूल यांना दिलं, आणि आमचे हे त्या परक्या मुलखात बसून मशीन चालवायला लागले! सगळी ओसरी हसत होती. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती, आणि गप्पा मात्र रंगल्या होत्या.

मी ड्रायव्हरला विचारलं, "ही जागा तुम्हाला कशी सुचली?" तो म्हणाला, "मला नाही सुचली. तुमच्या प्लॅनर बाईंनी शोधायला लावली. पुन्हा पुन्हा फोन केला, की शिंप्यांची गल्ली कुठं आहे ते बघून ठेवा. त्या म्हणाल्या होत्या की त्यांना हात देऊ नका, ठोकळा ठेवा आणि दुसरीकडे बघा."

बाई! बाईंनी, म्हणाला तो! आमचे हे स्टुलावरून उठून मागेच उभे होते, सगळं ऐकत. मी म्हटलं, "अहो, साहेबांच्या ऑफिसात बायका पण असतातच की..."

"पुरे कर गं," हे म्हणाले. "निळं कापड नको म्हणाले तेव्हाच कळलं मला. मी शिंपी आहे हे त्या साहेबाला सांगितलं कुणी होतं? आणि मी निळंच घेणार, हे जगात ठाऊक कुणाला आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तिनं काम सोडून दिलं असतं. माझीच लेक ती. म्हणून साहेबालाच सगळं सांगत राहिलो. ती ऐकत असणार, हे माहीत होतं मला."

आणि ती ऐकत होती! साहेबांच्या शेजारी बसून ऐकत होती, तिचे डोळे लाल ते म्हणून! म्हणजे बाप बोलतोय साहेबाशी, ऐकतेय लेक, दोघांना सगळं ठाऊक, आणि मधल्या मधे मी शहाणी कपाळाला आठ्या घालून खुणा करतेय. मला एवढा संताप आला, आणि एवढं रडू आलं, की त्या कारागिरानं आपलं स्टूल उचलून मला बसायला दिलं.

यांनी ड्रायव्हरला म्हटलं, "फोन लाव तुझ्या बाईंना." ओसरीच्या खांबाला टेकून उभे राहिले. मी फोनला कान लावला, सोडते की काय!

"बोला," पलीकडून टाचणीचा ऑफिसातला आवाज.

"तक्रार आहे," हे म्हणाले.

तो ऑफिसातला आवाज एकदम बारीक झाला, "काय झालं?"

"कुठं ओढत नाही. कुठं चुणी पडत नाही. सगळं अंगाबरोबर बसलंय. मला खोट काढायला तू जागाच ठेवली नाहीस. असं काम मला जन्मात जमलं नाही, पोरी. घरी ये."

तिनं विचारलं, "कुठून येऊ, बाबा?"

"दुकानातून ये. दुसरी वाट आहे का आपल्या घराला?" एवढं बोलून यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी म्हटलं, "अगं, ऐकतेस ना?" तर पलीकडे खुर्ची सरकल्याचा, पर्स ओढल्याचा आवाज. "निघाले मी, आई," ती म्हणाली.

"अगं वेडे, कुठं निघालीस? आम्ही इथं आफ्रिकेत आहोत! दुकानाला कुलूप आहे, किल्ली इथं माझ्याकडे आहे!"

"असू दे," ती म्हणाली. "मी पायरीवर बसते."

आणि बसली. झेरॉक्सवाल्यानं आम्हाला नंतर सांगितलं, भर दुपारी ऑफिस सोडून आली, बंद दुकानाच्या पायरीवर रुमाल अंथरला आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसून होती. आणि आम्ही घरी पोहोचेपर्यंत रोज येत होती.